वऱ्हाडच्या हवेत सिगार

परदेशातून येणारे नातेवाईक हल्ली चॉकलेटच्या डब्यांसोबत सिगारही आणतात. अमरावती-अकोल्याकडच्या लग्नघरांत रात्री गच्चीवर पोरं ती हौसेनं पेटवतात. मी बरीच वर्षं सिगार चवीनं ओढली. तिच्याबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक थंड किंवा दमट मुलखातल्या माणसांनी लिहिलेलं. आपली हवा वेगळी, आणि सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यामुळे आपल्या तोंडांची अवस्थाही वेगळी. म्हणून इथल्या माणसासाठी इथला अनुभव सांगतो.

सिगारच्या पानाला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारच्या हवेत त्याच्या निम्माही ओलावा नसतो. डबा उघडा राहिला की वरचं पान तडकतं, बोटांत धरलं की कुरकुरतं. अशी सिगार भराभर जळते, धूर गरम येतो, जीभ पोळते. मग हलक्या म्हणून आणलेल्या सिगारला लोक कडक ठरवतात. दोष तंबाखूचा नसून उन्हाळ्याचा असतो.

यावर आपल्याकडे सुचणारा उपाय म्हणजे कूलर. एका घरी मी सिगारचा डबा रात्रभर कूलरसमोर ठेवलेला पाहिला आहे. पानं फुगली होती, शिवण सुटली होती, आणि चार दिवसांनी पांढरी बुरशी आली. फ्रिजही नको, तो पान सुकवतो आणि भाजीचा वास लावतो. घट्ट झाकणाची काचेची बरणी, तिच्यात आर्द्रता राखणारी पुडी आणि घरातली सगळ्यात थंड खोली, एवढं पुरतं. पानाला टाचणीएवढी गोल छिद्रं दिसली तर मात्र ती सिगार फेकून द्यावी. साठवलेल्या हळदीत जो बारीक तपकिरी भुंगा पडतो तोच तंबाखूतही पडतो, आणि आपल्या उकाड्यात त्याची अंडी लवकर फुटतात.

आता पारख. सिगारमध्ये आत भरलेली पानं, त्यांना बांधणारं पान आणि वरचं आवरण असे तीन थर असतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यात कापडाच्या सावलीखाली वाढवलेलं फिकट, रेशमासारखं पान सौम्य सिगारवर बहुधा असतं. पण रंगावरून सौम्यपणा ठरवू नये. जोर असतो आतल्या पानांत. झाडाच्या शेंड्याकडची, जास्त ऊन खाल्लेली पानं कडक, खालची मवाळ.

आधी बोटांनी हलकेच दाबून पाहावं. कुठे पोकळ, कुठे दगडासारखी घट्ट लागली तर ती सारखी जळणार नाही. पेटवण्याआधी नुसता एक झुरका ओढावा. चांगल्या सौम्य सिगारमध्ये तेव्हाच वाळलेल्या कडब्याचा, थोडा देवदारी लाकडाचा वास येतो. अमोनियाचा तिखट दर्प आला तर पान पुरतं मुरलेलं नाही. पेटल्यावर मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा, तोही तोंडातच. पहिल्या भागात भाजलेल्या शेंगदाण्यांसारखी, सायीसारखी मऊ चव असते. शेवटच्या तिसऱ्या भागात कडवटपणा वाढतो, तिथे थांबावं. ठेचा-भाकर खाऊन लगेच चव पाहायला बसू नये, जिभेला बाकी काही कळत नाही. पण उपाशीपोटीही नको, आणि हे मला जोर देऊन सांगायचं आहे.

परतवाड्याच्या एका लग्नात माझ्या भाच्यानं वरातीच्या गडबडीत दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. "मामा, हलकी हाय ना, काई होत नाई," म्हणत तो सिगारेटसारखे भराभर झुरके घेऊ लागला. पंधरा-वीस मिनिटांत चेहरा पांढरा पडला, हातपाय गार झाले, घाम सुटला आणि तो ओकू लागला. सिगारेटमध्ये ग्रॅमभरही तंबाखू नसतो, मोठ्या सिगारमध्ये पाच ते वीस ग्रॅम असू शकतो. म्हणजे एकाच सिगारमध्ये अख्ख्या पाकिटाएवढाही तंबाखू असू शकतो. चव सौम्य असली तरी निकोटीन चढतंच. अशा वेळी सिगार विझवून माणसाला मोकळ्या हवेत कुशीवर झोपवावं, ओकारी थांबल्यावर घोट घोट पाणी द्यावं. शुद्ध हरपते आहे किंवा छातीत धडधड थांबत नाही असं दिसलं तर थेट दवाखाना गाठावा. हसत बघत बसणारे पाहुणे मला तेव्हाही सहन झाले नाहीत.

"धूर छातीत घेत नाही, मग काय होतं?" हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे. खर्रा खाणाराही हेच म्हणतो, गिळत नाही, थुंकतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. कर्करोग घडवणारी द्रव्यंही त्याच गालांवर, जिभेवर, घशावर बसतात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खाणाऱ्या आपल्या मुलखात गालाची त्वचा आधीच कडक झालेली माणसं घरोघरी आहेत. तिखट लागताच तोंडात आग होत असेल, उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील, तर त्या माणसाच्या हाती सिगार देऊच नये. त्याला दंतवैद्याकडे न्यावं.

मी धूर कधीच छातीत घेतला नाही. तरी दात साफ करायला गेलो असताना डॉक्टरांना माझ्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. न दुखणारा, बोटानं न निघणारा. तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला नाही. पण असा चट्टा पुढे बदलू शकतो म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला जातो. सिगार त्या दिवसापासून बंद आहे. तोंडात असा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर वाट न पाहता दाखवा. सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, आणि तो खर्रा खाणाऱ्यांसाठीही आहे.