जळका स्विच आणि उचंत खाते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या स्विचवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटात, ऐन वळणावर, आमच्या मामांच्या जुन्या गाडीचे दोन्ही दिवे एकाएकी मालवले. मागे मामी आणि माझी लहान बहीण बसली होती. मामांनी अंदाजाने गाडी थांबवली, स्विच दोनदा खालीवर केला आणि दिवे पुन्हा लागले. तेव्हा कळले की चाक रस्त्याच्या कडेपासून हातभरच दूर होते.

दुसऱ्या दिवशी बेळगावात मिस्त्रींनी दिवे दहा मिनिटे चालू ठेवले, स्विचला बोट लावले आणि म्हणाले, "बिसि आगैति!" स्विच चांगलाच तापला होता. मामा म्हणाले, "बदलून टाका." त्यावर मिस्त्री म्हणाले, "मालक, हा तिसरा आहे."

तीन स्विच का जळावेत, हे समजून घेण्यासाठी मी एका प्रसिद्ध गाडीच्या तारांचा आराखडा अभ्यासला. ती गाडी म्हणजे इंग्लंडमधील एमजीबी. ही दोन आसनी स्पोर्ट्स कार ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार होत होती. छंदी मंडळी आजही ती जपतात आणि दिव्यांचा झिजलेला स्विच बदलणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे.

या गाडीत बॅटरीकडून येणारी तपकिरी तार स्विचला मिळते. स्विचमधून निळी तार निघून डिपरकडे जाते. तेथून निळी-पांढरी तार लांबच्या झोताला आणि निळी-तांबडी जवळच्या झोताला जाते. म्हणजे दोन्ही दिव्यांचा सगळा प्रवाह त्या छोट्या स्विचमधूनच जातो. शिवाय मूळ रचनेत या मार्गावर फ्यूजही नाही.

आता थोडा हिशेब करू. 60 वॅटचे दोन दिवे म्हणजे 120 वॅट. त्याला 12 व्होल्टने भागले की प्रवाह 10 ॲम्पियर येतो. प्रत्येक उघडझापीला स्विचच्या आत बारीक ठिणगी पडते, संपर्काचे पत्रे काजळतात आणि विरोध वाढतो. समजा तो केवळ 0.1 ओहम झाला. मग तेथे 1 व्होल्ट खर्ची पडतो आणि 10 वॅट उष्णता निर्माण होते. उष्णतेने पत्र्याचा ताण जातो, ताण गेला की विरोध आणखी वाढतो. व्याजावर व्याज चढावे तसे हे चालते. दिव्याला 12 ऐवजी 11 व्होल्ट मिळाले, तर उजेड सुमारे पाव भागाने घटतो. स्विच पूर्ण जळण्याच्या कितीतरी आधी चालकाला रस्ता कमी दिसू लागतो, पण हे हळूहळू घडत असल्याने त्याच्या ध्यानात येत नाही.

दोष तपासण्याची रीत सोपी आहे. दिवे चालू ठेवून व्होल्टमीटरचे एक टोक स्विचच्या तपकिरी तारेला व दुसरे निळ्या तारेला लावावे. काटा पाव व्होल्टच्या पुढे गेला, तर स्विच बदलावा.

बदलताना प्रथम बॅटरीची तार सोडवावी. जुन्या एमजीबीत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे असतात. मग स्विचची समोरची कडी फिरवून काढावी, स्विच मागे ढकलून खाली घ्यावा आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधूनच ती सोडावी. तारांची टोके घासून स्वच्छ करावीत, सैल असल्यास बदलावीत. नवा स्विच बसवून आधी छोटे दिवे, मग मोठे दिवे पाहावेत.

परंतु एवढ्यावर थांबलो तर चौथा स्विचही जळणारच. खरा उपाय रिले हा आहे. डिपरकडून येणाऱ्या दोन तारांवर प्रत्येकी एक रिले बसवायचा आणि दिव्यांना बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तारेने वेगळा प्रवाह द्यायचा. रिलेच्या वेटोळ्याला साधारण 0.15 ॲम्पियर लागतात. स्विचने फक्त हुकूम द्यायचा, ओझे रिलेने वाहायचे. 1967 पर्यंतच्या बहुतेक एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. अशा गाडीत डायोड असलेला रिले उलटा जोडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

तेरीज जुळली नाही की आपण फरक उचंत खात्यात टाकतो. त्याने दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण चूक तशीच राहते. मामांचे तीन स्विच हे तीन वेळा उचंत खात्यात टाकलेले फरकच होते. वस्तू झिजली की आपण घसारा धरतो आणि नवी आणतो. ती नेमाने झिजली की नेमापेक्षा जास्त ओझ्याने, हे मात्र विचारत नाही.

मामांच्या गाडीला आता दोन रिले आहेत. गेल्या दिवाळीत आम्ही रात्री त्याच घाटाने गोव्याला गेलो. उतारावर मी स्विचला बोट लावून पाहिले. तो थंड होता.