भट्टी बदलली आणि...

आजीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. सिरॅमिकचा बॉल बसवणार, हे कळल्यावर तिने मलाच धरलं. "अरे, कपबशीसारखा फुटला तर? तू मेटलर्जी शिकतोस ना?"

मित्रांनो, झिर्कोनियाची गंमत अशी, की तडा जाऊ लागला की तिथले टेट्रागोनल कण मोनोक्लिनिक होतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. पण हाच बदल ओलाव्यामुळे पृष्ठभागावर आपोआप पसरला, तर बारीक भेगा पडतात.

फ्रान्सच्या सेंट-गोबें देमार्के कंपनीने १९९८ मध्ये बॅच भट्टीऐवजी टनेल भट्टी आणली. थंड होण्याची पद्धत बदलली. काही बॅचेसमधले बॉल रुग्णांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. बॉल फुटला म्हणजे पुन्हा ऑपरेशन, शिवाय तुकडे वेचून काढायचे!

आजीला सांगितलं, "आता अ‍ॅल्युमिनात थोडं झिर्कोनिया मिसळतात, फुटणं अगदी क्वचित." ती निश्चिंत झाली. मी मात्र नाही. फर्नेस प्रॅक्टिकलची कूलिंग रीडिंग्ज मी रूम पार्टनरच्या जर्नलमधून छापली होती. ते प्रॅक्टिकल आता पुन्हा करतोय.