निरो, हुर्राक आणि मुलांचे प्रश्न




मार्च-एप्रिलात गोव्याच्या गावागावांत काजूच्या भट्ट्या पेटतात. मुले ताजा निरो आवडीने पितात, त्यात काही वावगे नाही. मग बालसंस्कार वर्गात प्रश्न येतो, "सकाळचा निरो चालतो, मग हुर्राक का नाही चालत?" आम्ही सेविका हा प्रश्न टाळत नाही. दारू म्हणजे काय ते सांगायला याहून सोपे उदाहरण कुठले?

बोंडूच्या रसात साखर असते. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव ती खातात आणि तिचे अल्कोहोल करतात, म्हणून रसाला फेस येतो. इडलीचे पीठ फुगते ना, काहीसे तसेच. हा आंबलेला रस भट्टीवर चढवला की आधी हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. इतके कळले की मुलांना त्या बाटलीचे गूढ वाटत नाही.

पाच वर्षांच्या पोराला लांबलचक भाषण नको. "हे तुझ्या शरीराला बाधते, कोणी दिले तरी घ्यायचे नाही," बस्स. आठ-नऊ वर्षांच्याला कारण सांगावे: शरीर लहान, म्हणून तेवढ्याच घोटाचा त्रास कितीतरी जास्त. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, हेही सांगावे.

आता मोठ्यांबद्दल. सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी किंवा फेणी, हा घरगुती उपाय अजून चालतो. तो बंद करा. दारूने लहान मुलाच्या रक्तातली साखर एकदम उतरते, मूल बेशुद्ध पडू शकते. लग्नात गंमत म्हणून बोट बुडवून चाटवणारे काकाही असतातच! डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणे हा बाल न्याय कायदा 2015, कलम 77 प्रमाणे गुन्हा आहे. 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. मुलाला सोडा-चखणा आणायला पाठवणे, ग्लास भरायला लावणे हेही नको. "ते औषध आहे" असे खोटेही सांगू नका, कधीतरी ते मूल ते "औषध" घेऊन बघेल.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच असतो. "माझे पप्पा पितात. ते वाईट आहेत?" अशा वेळी आम्ही सांगतो, "पप्पा वाईट नाहीत रे. त्यांना सवय लागली आहे, ती सुटायला मदत लागते. आणि ती तुझ्यामुळे लागलेली नाही." शेवटचे वाक्य दोनदा सांगावे. अशी मुले मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतात. पप्पा पिऊन आले तर त्यांच्या स्कूटरवर बसायचे नाही, आजीला किंवा मामाला फोन करायचा, हेही त्याच्याकडून वदवून घ्या. नंबर पाठ हवेत.

घरात कुणाला व्यसन सोडायचे असेल तर 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. मूल संकटात असेल तर 1098.