तलवारीवरील अक्षरे



गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर एक तरुण भेटावयास आला. त्याच्या मोबाइलमध्ये एका जुन्या तलवारीची छायाचित्रे होती. पात्यावर सोनेरी अक्षरे, मुठीवर चांदी. "मौलाना, ही आयत कोणती?" मी वाचले. ती आयत नव्हतीच. ‘अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी’, म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाहची कारागिरी, एवढेच तेथे कोरलेले होते. वर्षभर हा गृहस्थ वुजूशिवाय त्या पात्याला हात लावत नव्हता!

इराणचा शाह अब्बास याच्या काळाशी या असदुल्लाहचे नाव जोडले जाते. मात्र त्याची मुद्रा एकमेकांपासून इतक्या दूरच्या सनांच्या पात्यांवर आढळते की, एका माणसाचे आयुष्य त्यास पुरणार नाही. नाव हे पुढे कीर्तीचे चिन्ह झाले आणि इतर कारागीरही ते कोरू लागले. त्यामुळे केवळ मुद्रा पाहून किंमत मोजणे शहाणपणाचे नव्हे. (इराणी पात्यांसाठी जौहरदार पोलाद आपल्या दख्खनेतून, आजच्या तेलंगणातून, जात असे.)

पुष्कळ तलवारींवर खरोखरच कुरआनातील शब्द असतात. सर्वाधिक आढळते ती सूरह सफ्फची 13वी आयत, ज्यात अल्लाहच्या मदतीची आणि नजीकच्या विजयाची शुभवार्ता आहे. हनफी मजहबात आयत कोरलेल्या नाण्याला वुजूशिवाय थेट स्पर्श करू नये असे सांगितले आहे, आणि तोच नियम पात्यालाही लावावा. शाफई मजहबात, जो आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिमांचा आहे, पठणासाठी न लिहिलेल्या अशा वस्तूबाबत सवलत आहे. परंतु आदर दोन्हीकडे अनिवार्य. चपलांच्या कपाटाशेजारी टांगलेली आयत मी स्वतः पाहिली आहे.

आता सजावटीविषयी. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) यांच्या तलवारीच्या मुठीचे टोक चांदीचे होते. दुसरीकडे, इब्ने माजामधील हदीसनुसार, काही लोकांच्या तलवारींवर चांदी पाहून हजरत अबू उमामा (रजि.) संतापले. ज्यांनी देश जिंकले त्यांच्या तलवारींवर सोने-चांदी नव्हती, कच्चे चामडे, शिसे आणि लोखंड होते, असे त्यांनी सुनावले. हे शब्द बुखारीतही आहेत. दोन्ही कथने समोर ठेवून फुकहांनी पुरुषाच्या शस्त्रावर चांदी जायज मानली, सोने मात्र नाही. नुसता मुलामा, ज्यातून सोने वेगळे निघतच नाही, त्याबाबत हनफी उलमांनी सवलत दिली आहे. अबू उमामांचा राग मला हराम-हलालचा वाटत नाही. शस्त्राची शोभा वाढते तेव्हा मनात काय घटते, हे त्यांनी पाहिले होते.

संग्राहकाची खरी परीक्षा जकातीत होते. टिपू सुलतान यांची ‘शमशीर-ए-मलिक’ 2023 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांना विकली गेली. अशी वस्तू घरी जतन केली, तर तिच्या पुरातन मोलावर जकात नाही. हनफी मतानुसार तिच्यावरील वेगळे काढता येईल असे सोने-चांदी मात्र इतर सोन्या-चांदीत मिळवावे लागते; चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, सुमारे 612 ग्रॅम. शाफई मतानुसार जायज वापराच्या दागिन्यावर जकात नाही, परंतु पुरुषाच्या शस्त्रावरील सोन्याला ही सूट मिळत नाही. आणि तलवार पुढे विकण्याच्या उद्देशानेच घेतली असेल, तर ती व्यापारी माल ठरते. मग पोलादासकट तिच्या बाजारभावावर दरवर्षी अडीच टक्के जकात देय होते.

एवढे ऐकून तो तरुण गप्प झाला. त्याच्याकडे पाच तलवारी होत्या, पैकी दोन भाव चढल्यावर विकण्यासाठीच घेतलेल्या. तीन वर्षे झाली होती. आम्ही मशिदीच्या पायरीवर बसलो आणि प्रत्येक वर्षाचा भाव आठवून कागदावर मांडू लागलो. सहरीची वेळ होईपर्यंत हिशेब चालला होता.