बंद फ्लॅटची थकबाकी

प्रश्न : राजूरच्या आमच्या बारा फ्लॅटांच्या नोंदणीकृत सोसायटीत एक सभासद मुंबईला असतात. ‘घर बंद, मग मेंटेनन्स कशाचा?’ म्हणून दोन वर्षे पैसे देत नाहीत. पाणी तोडावे का?

उत्तर : पाणी मुळीच तोडू नका, तक्रार उलट तुमच्यावरच यायची. कुलूप लावले म्हणून देखभाल शुल्क माफ होत नाही. तुमच्याकडच्या पावसात गच्ची गळते ती सगळ्यांचीच! बिगरभोगवटा शुल्क मात्र लावू नका. ते भाड्याने दिलेल्या घरापुरते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

आधी स्पीड पोस्टाने मागणी नोटीस पाठवा, पोचपावती जपा. तरी दाद नसेल तर समितीचा ठराव, खातेउतारा, बिले, नोटिसा जोडून सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली सहायक निबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करा. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणात जायचे तर सभासदाला आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

व्याज सरळच, उपविधीनुसार, फार तर २१ टक्के. चक्रवाढ लावलेले उतारे मी बरेच पाहिलेत. अर्ज तिथेच अडकतो.