गाईचा माज आणि मेंदूतील ग्राही

शिर्डी परिसरात अनेक शेतकऱ्यांनी शेतीला दुग्धव्यवसायाची जोड दिली आहे. गाईचा एक माज हुकला, तर पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. चाऱ्याचा खर्च मात्र थांबत नाही.

माजाचे मूळ इस्ट्रोजेन या संप्रेरकात आहे. अंडाशयात निर्माण होणारे हे द्रव्य रक्तावाटे सर्व शरीरात फिरते. तथापि ज्या पेशींत त्यास धरून ठेवणारी प्रथिने, म्हणजेच ग्राही, असतात, तेथेच ते कार्य करते. १९६० च्या दशकात किरणोत्सारी इस्ट्रोजेन उंदरांना टोचून मेंदूतील ही स्थाने शोधण्यात आली. सस्तन प्राण्यांत हे ग्राही प्रामुख्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये व त्यालगतच्या भागांत आढळतात.

जननमार्गातील ग्राहींमुळे गाय सोट टाकते; मेंदूतील ग्राहींमुळे ती बेचैन होते, हंबरते आणि दुसरे जनावर अंगावर उडाले असता स्थिर उभी राहते. हे स्थिर उभे राहणे माजाचे सर्वांत खात्रीचे लक्षण होय. ही अवस्था साधारणतः १२ ते १८ तास टिकते. म्हणून सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.