लेझरखाली मान देण्याआधी

उजव्या बाजूची मान आणि खांदा कायम भरलेला. दिवसभर संगणक, संध्याकाळी ओटा. रात्री कूस बदलताना कळ यायची. ओळखीच्यांनी लेझर सुचवला म्हणून एका केंद्रात गेले. तिथे सिटिंगच्या पॅकेजचे पैसे आधी भरून घेतले, मान मात्र कुणी वळवून पाहिली नाही. हाताला मुंग्या येतात म्हटलं, तर ‘लेझरने सगळं जाईल’ एवढंच उत्तर.

मदतनीस मुलीने यंत्राचं टोक गाठीवर टेकवलं आणि तिथेच धरून ठेवलं. “भाजतंय गं,” म्हटलं. “गरम तर लागणारच, ताई.” घरी आरशात पाहिलं तर रुपयाएवढा फोड.

उपचार खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. मानदुखीवरच्या १६ चाचण्यांचा, ८२० रुग्णांचा आढावा २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. जुनाट दुखण्यात उपचार संपल्यावरही २२ आठवड्यांपर्यंत आराम टिकल्याचं त्यात दिसलं. पण तो कमी शक्तीचा लेझर; त्याने त्वचा तापत नाही. ५०० मिलिवॉटच्या वरचा, चौथ्या वर्गाचा लेझर तापवतो. त्याचं टोक सतत फिरतं ठेवावं लागतं. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्य प्रकाश जास्त शोषतं, म्हणून आपल्याकडे तर जास्तच जपायला हवं. शिवाय हे किरण बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. संरक्षक चष्मा उपचार देणाऱ्याला हवा तसा घेणाऱ्यालाही हवा. मला दिला नव्हता.

पुढे ज्या फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेले, त्यांनी आधी हाताची पकड पाहिली, कोपरावर हातोडी मारून पाहिली. मुंग्या मानेतल्या दबलेल्या नसेच्या असाव्यात म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून आल्यावर हनुवटी आत ओढण्याचा आणि खांद्याची पाती मागे जुळवण्याचा व्यायाम दिला, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणायला लावली. लेझर त्यांच्याकडेही होता, पण जोडीला. मला खरा उतार व्यायामाने पडला.

हातातली ताकद कमी वाटली, चालताना तोल जायला लागला, ताप किंवा वजनातली घट सोबत असली, तर आधी डॉक्टर गाठा. छातीत दाबल्यासारखं होऊन खांदा दुखत असेल तर थेट इस्पितळ. कर्करोग असेल किंवा दिवस गेले असतील तर तसं आधीच सांगा. यंत्र कोणत्या वर्गाचं, हे विचारायला लाजू नका. आणि भाजायला लागलं तर समोरच्याच्या उत्तराची वाट न पाहता टोक बाजूला करायला लावा.